सॅलड, पण सॉलिड!

सॅलड म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? काकडीच्या चार चकत्या, गाजराचे तुकडे आणि डाएट करणाऱ्याचा पडलेला चेहरा! आज त्याच बाऊलमध्ये सोया चंक्सची एन्ट्री होतेय. वाजवा टाळ्या!

माहीत आहे का, चंक्सचं माहेर तेलाच्या कारखान्यात आहे? सोयाबीनचं तेल काढलं की प्रोटीनवालं पीठ उरतं. त्यात पाणी घालून ते एक्स्ट्रूडर मशीनमध्ये उष्णता आणि दाबाखाली रगडतात. बारीक छिद्रातून बाहेर पडताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि पीठ फस्सकन फुगून जाळीदार होतं. अमेरिकेच्या आर्चर डॅनियल्स मिडलँड कंपनीने १९६०च्या दशकात ही करामत बाजारात आणली.

पाकिटावर ‘१०० ग्रॅममध्ये ५०हून जास्त ग्रॅम प्रोटीन’ वाचून हुरळलात? जरा दमानं! हा हिशेब कोरड्या चंक्सचा. भिजले की पाणी पिऊन ते टम्म होतात आणि वाटीभर चंक्समधलं प्रोटीन त्या मानाने कमी भरतं. तरी माणशी ३० ग्रॅम कोरडे घेतले, तर साधारण १५ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे अडीच अंडी, तीही शाकाहारी!

आता कृती. मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात आणि मग पिळा. अजून पिळा. अहो, अजून! सोया सॅलड फसतं ते इथेच. चंक्समध्ये पाणीच ठाण मांडून बसलं, तर लिंबाचा रस शिरणार कुठून? पिळलेले चंक्स थेंबभर तेलात तव्यावर खरपूस करा. त्यात कांदा, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, चाट मसाला. वरून दाण्याचं कूट. मेयोनीजला आमच्याकडून सक्त मनाई!

अमेरिकन सॅलडवर भुरभुरायचे ‘बॅक-ओज्’ ठाऊक आहेत? चव बेकनची, पण आत डुक्कर औषधालाही नाही. सगळा सोयाचा नकली माल!

मोटारवाले हेन्री फोर्ड तर सोयाचे अगदी सोयरेच! १९३४ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी पाहुण्यांना जेवण दिलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात सोया. एवढ्यावर थांबतील तर ते फोर्ड कसले? सोया वापरून मोटारीचे प्लास्टिकचे पत्रे बनवले आणि सोयाच्या धाग्याचा सूटही अंगावर चढवला. खा, चालवा, घाला!

आणि आपल्याकडे? माहीत आहे का, १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत खुद्द गांधीजींनी सोयाबीन ताटात आणून पाहिलं आणि ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलंही? लगेच पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं इंग्रजी पुस्तक आलं, तब्बल ३०० पाककृतींसह. चंक्स जन्मायच्या कितीतरी आधी! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तर सोयाबीनचे नवे वाणच काढले. एमएसीएस १४०७ त्यातलाच एक.

टोफूची, म्हणजे सोयाच्या पनीरची, गोष्ट आणखी जुनी. विजेच्या मागे पतंग घेऊन धावणारे बेंजामिन फ्रँकलिन आठवतात? १७७० साली लंडनहून एका मित्राला पत्र लिहिताना त्यांनी चिनी लोकांच्या या कडधान्याच्या चीजबद्दल कुतूहलाने लिहिलं होतं.

सोया सॅलडचा खरा सुपरस्टार मात्र इंडोनेशियाचा गाडो-गाडो. उकडलेल्या भाज्या, तळलेला टोफू, टेम्पे आणि वर शेंगदाण्याचा दाटसर सॉस. टेम्पे म्हणजे शिजलेल्या सोयाबीनला मुद्दाम बुरशी आणून केलेली वडी. नाक मुरडू नका, इडलीचं पीठही आपण आंबवतोच की!

एक धोक्याची घंटा: मोड आलेल्या मटकीसारखे सोयाबीनचे कच्चे दाणे सॅलडमध्ये टाकू नका. त्यातले काही घटक प्रोटीनचं पचनच अडवतात, ते नरम पडतात शिजवल्यावर. चंक्सना ती भीती नाही, मशीनमध्ये ते आधीच भाजून निघालेले असतात. फक्त मीठ अगदी वाढताना घाला. नाहीतर काकडी पाणी सोडेल आणि पिळायचं काम पुन्हा पहिल्यापासून!