बुरैदाचा उन्हाळा आणि बसून खाणारे सर्व्हर

सौदी अरेबियातल्या अल-कसीम प्रांताची राजधानी बुरैदा. ऑगस्टमध्ये इथे खजुरांचा प्रचंड बाजार भरतो आणि पारा चाळिशीपार असतो. अशा गावात रिकामा सर्व्हर दोन्हीकडून महागात पडतो. गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झल यांनी २००७ मध्ये ५,०००हून अधिक सर्व्हरच्या नोंदी मांडल्या. ते बहुतांश वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच राबत होते, आणि चांगला सर्व्हरही नुसता बसून पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज खातो. तिची उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते.

म्हणून एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेले संगणक, बसवतात. चालू यंत्र न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची सोय व्हीएमवेअरने २००३ मध्ये आणली. रात्री यंत्रं मोजक्या सर्व्हरवर गोळा करून बाकीचे बंद ठेवता येतात.

मेमरीची वाटणी जास्त गमतीची. कोणत्या यंत्राला मेमरीची कोणती पानं, म्हणजे तुकडे, नकोत, हे बाहेरून कळत नाही. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये मांडलेली युक्ती अशी: प्रत्येक यंत्रात एक ‘फुगा’ ठेवायचा. टंचाई आली की तो फुगतो, म्हणजे आतूनच मेमरी मागतो. मग ते यंत्र स्वतःच कमी गरजेची पानं सोडतं आणि ती शेजाऱ्याला मिळतात. काय सोडायचं ते ज्याचं त्यानेच ठरवायचं, ही त्यातली खरी हुशारी.

अडचण माणसांची. लग्नघरी आचाऱ्याला दीडपट आकडा सांगतात, तसे प्रोग्रॅमरही आपल्या कामांसाठी साधनं जास्तच मागतात. गूगलच्या ‘ऑटोपायलट’ प्रणालीने कोणत्या कामाला किती साधनं द्यायची, या मर्यादा आपोआप ठरवायला घेतल्या. २०२०च्या शोधनिबंधानुसार माणसांनी मर्यादा ठरवलेल्या कामांत ४६ टक्के साधनं वाया जात होती, ऑटोपायलटकडे दिलेल्या कामांत २३ टक्के.

पण अशी प्रणाली मुख्यतः अलीकडच्या वापरावरून अंदाज बांधते, आणि बुरैदात रमजान लागला की दिवसरात्रीचं वेळापत्रकच उलटतं. ‘गेल्या वर्षी याच तारखेला’ हा हिशेबही चालत नाही. आपल्याकडे अधिक मास सण ऋतूंशी जुळवून ठेवतो. हिजरी पंचांगात ती सोय नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे प्रणालीला दोन्ही पंचांगं शिकवायला हवीत. तरीही नेमकी सुरुवात चंद्रदर्शनानंतर आदल्या संध्याकाळीच जाहीर होते. तोवर थोडे सर्व्हर मोकळे चालू ठेवलेलेच बरे, विजेचं बिल वाढलं तरी.