सार्वजनिक जमिनीवरील आडवाटेचा वाहनप्रवेश (महाराष्ट्र)

आडवाटेचा वाहनप्रवेश म्हणजे नोंदलेला रस्ता सोडून वनजमीन, गायरान, नदीपात्र किंवा माळरान अशा सार्वजनिक जमिनीवर मोटारवाहन नेणे होय. महाराष्ट्रात त्याचे नियमन वन, वन्यजीव, मोटारवाहन आणि जमीन महसूल या विषयांवरील निरनिराळ्या कायद्यांनी होते. जमीन सार्वजनिक असली, तरी तिच्यावर कोठेही वाहन नेण्याचा हक्क त्यामुळे उत्पन्न होत नाही. हक्क असतो तो ठरलेल्या वाटेचा किंवा परवान्याने मिळालेल्या प्रवेशाचा.

जमीन व जीवसृष्टीवरील परिणाम

वाहनाच्या भाराने माती दाबली जाते व तिच्यात पाणी मुरण्याचे प्रमाण घटते. एकाच जागेवरून वारंवार वाहने गेल्यास खोल चाकोऱ्या पडतात, त्यांतून पावसाचे पाणी वाहू लागते आणि मातीची धूप वाढते. विदर्भातील काळी जमीन पावसाळ्यात चिकट व मऊ होते. अशा वेळी उमटलेल्या चाकोऱ्या पुढे उन्हाने कठीण होऊन दीर्घकाळ टिकतात. टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती चाकाखाली चिरडली जाण्याचा धोका असतो. टायरला चिकटलेल्या मातीबरोबर तणांचे बीही दूरवर पोहोचते.

वनक्षेत्रासंबंधी कायदे

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम २६ नुसार राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा अपराध आहे. मात्र वन राखीव घोषित करण्यापूर्वी वहिवाटीच्या वाटेसंबंधीच्या दाव्यांची चौकशी करावी लागते. कलम २५ नुसार राखीव वनातील वाट बंद करता येते, परंतु सोयीची पर्यायी वाट उपलब्ध असणे आवश्यक आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ अभयारण्यातील प्रवेश मर्यादित करते. कर्तव्यावरील शासकीय सेवक, अभयारण्याच्या हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारा प्रवासी आणि परवानाधारक अशा ठरावीक व्यक्तींनाच प्रवेश मिळतो. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी कलम २८ अन्वये परवाना दिला जातो. वाहन स्वतःचे आणि चारचाकी शक्तीचे असले, तरी या अटींत फरक पडत नाही.

व्याघ्र प्रकल्पांतील नियम

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये अंतरिम आदेशाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबवले. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली व पर्यटन पुन्हा सुरू झाले. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा कमाल २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि एकाच रस्त्यावरील दोन वाहनांत किमान ५०० मीटर अंतर राखणे अपेक्षित आहे. प्राण्याला घेरणे किंवा आमिष दाखवणे निषिद्ध आहे.

वर्धा व नागपूर जिल्ह्यांतील बोर अभयारण्य १९७० मध्ये स्थापन झाले व २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौ. किमी असून देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. २० टक्क्यांच्या हिशेबाने येथे पर्यटनासाठी जास्तीत जास्त सुमारे २८ चौ. किमी क्षेत्र येते. एवढ्या लहान क्षेत्रात वाहनांची संख्या व फेऱ्यांच्या वेळा यांना विशेष महत्त्व प्राप्त होते.

उमरेड–पवनी–कऱ्हांडला प्रकरण

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव परिसरातील सफारीच्या वेळी एक वाघीण व तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवली. वाहने नेमलेल्या रस्त्यावरच होती, त्यांना प्रवेशाचा परवानाही होता. या घटनेची दृश्यफीत प्रसृत झाल्यावर वनविभागाने संबंधित चालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची व दंडाची कारवाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. केवळ प्रवेशद्वारावरील तपासणी पुरेशी नसून आतील वाहनांच्या वर्तनावरही देखरेख आवश्यक आहे, ही बाब या प्रकरणाने पुढे आणली.

गावाच्या सार्वजनिक जमिनी

मोटारवाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘सार्वजनिक जागा’ या संज्ञेत लोकांना प्रवेशाचा हक्क असलेल्या रस्त्याबरोबर इतर जागांचाही समावेश होतो. त्यामुळे अशा जागी नोंदणी नसलेले वाहन चालवता येत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २२ अन्वये गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. विदर्भात याखेरीज निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे अभिलेख आहेत. गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीच्या वापराची व्यवस्था निस्तारपत्रकात असते, तर वहिवाटीच्या वाटेसारख्या रूढींची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये होते. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर (ता. हिंगणघाट) यांसारख्या शेतीप्रधान गावांत पांदण रस्त्याने बैलगाडी वा ट्रॅक्टर शेतापर्यंत नेण्याचा प्रश्न अशा नोंदींशी निगडित असतो. बांधावरून जाण्याच्या वाटेचा वाद संहितेच्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे नेता येतो. वहिवाटीच्या वाटेतील अडथळा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ अन्वये दूर करता येतो. वनहक्क अधिनियम, २००६ मधील कलम ५ ने सामूहिक वनसंपत्तीतील प्रवेशाचे नियमन करणारे निर्णय घेण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढलेल्या ११६४४ क्रमांकाच्या आदेशाने संघराज्याच्या जमिनींवर अशा वाहनांसाठी खुली व बंद क्षेत्रे ठरवण्यास सांगितले. तेथील वनसेवेच्या २००५ च्या नियमानुसार नकाशावर दाखवलेल्या मार्गांवर व क्षेत्रांतच मोटारवाहन नेता येते. भारतातील राखीव वने व अभयारण्ये यांतही परवानगीवाचून प्रवेश नाही, हेच मूळ तत्त्व आहे. मात्र येथे पर्यटकाच्या परवान्याबरोबरच गावकऱ्यांच्या पूर्वापार वाटेचाही विचार कायद्याला करावा लागतो.