खाज आणि तिचीं कारणें

हिवाळ्यांत लोहगडाकडे किंवा राजमाचीकडे सहलीस गेलेली मंडळी संध्याकाळीं लोणावळ्याच्या स्टेशनावर परततात, तेव्हां त्यांतील एखादा मान व मनगटें ओरबाडतांना दिसतो. वाटेंतील झुडुपांवर चढलेल्या खाजकुइलीच्या वाळक्या शेंगांस त्याचा धक्का लागलेला असतो. शेंगांवरील बारीक तपकिरी लव कातडींत रुतते आणि जीव नकोसा होतो. सोबतचा कोणी तरी पित्ताची गोळी काढून देतो. पण तिनें फारसा गुण येत नाहीं.

गुण कां येत नाहीं हें समजून घेण्यासारखें आहे. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हां कातडींतील कांहीं पेशी हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतात, व त्यानें मज्जातंतू चेतवले जातात. गोळी त्या हिस्टामिनलाच अडविते. खाजकुइलीच्या लवेंतील म्युक्युनेन हें द्रव्य मात्र दुसऱ्याच वाटेनें मज्जातंतूंस डिवचतें. एका वाटेवरचा पहारा दुसऱ्या वाटेवर कामास येत नाहीं. येथें उपाय एवढाच कीं, अंग न चोळतां चिकटपट्टीनें लव उपटून काढावी, कपडे बदलावे आणि मग भरपूर पाण्यानें धुवावें.

इतर खाजेचें कारण असें हातीं सांपडत नाहीं. तें शोधावयाचें तर खाज कोठें येते, केव्हां येते आणि घरांत आणखी कोणास येते, हे तीन प्रश्न मलमाच्या आधीं विचारावे लागतात.

लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांतच. भिंतींस ओल येते, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत. पवन मावळांत भाताच्या लावणीला उभ्या राहणाऱ्या बायामाणसांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. शहरांतील मंडळी भुशी धरणावर भिजून ओल्या जाड विजारीनिशींच घरीं येतात, आणि त्यांच्या जांघेंत व कंबरेशीं गजकर्ण उठतें. दोहोंच्या मुळाशीं बहुधा ओल आणि बुरशी हींच असतात. गजकर्णाचें लक्षण म्हणजे लालसर, खवल्यांची, पसरत जाणारी कड आणि मधला भाग त्या मानानें निवळलेला.

या ठिकाणीं सुशिक्षित घरेंच अधिक फसतात. डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटतो, म्हणून दुकानांतून एखादें मिश्र मलम आणलें जातें. त्यांत स्टेरॉइड असलें कीं, तीन-चार दिवसांत लाली व खाज बसते आणि घरांत त्या मलमाची स्तुति सुरू होते. बुरशी मात्र आंतल्या आंत फोफावते, मलम थांबतांच दुप्पट वेगानें वर येते, आणि तिची कड अशी पुसली जाते कीं जाणत्या वैद्यासहि ओळख पटूं नये. कातडी पातळ होऊन चरे पडतात ते निराळेच. २०१८ मध्यें भारत सरकारनें अंगावर लावावयाचीं स्टेरॉइडें डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीं असा नियम केला. पण घरोघरच्या कपाटांत अर्ध्या नळ्या पडलेल्या असतात, त्यांवर कोणता नियम चालणार? २०२० मध्यें जपानी संशोधकांनीं भारत व नेपाळ येथील रोग्यांच्या अंगावरील एका बुरशीस ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नांव दिलें. तिच्यावर टर्बिनाफिन हें नेहमींचें औषध पुष्कळदां लागू पडत नाहीं. म्हणून नवें गजकर्ण डॉक्टरांस दाखवावें, औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावें आणि घरांत प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा.

खाज रात्रीं अंथरुणांत शिरल्यावर वाढत असेल, हाताच्या बेचक्यांत, मनगटावर व कंबरेस असेल, आणि घरांत दोघां-तिघांस असेल, तर ती खरूज समजावी. कातडींत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्यानें ती होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील शेफील्ड येथें केनेथ मेलॅन्बी यांनीं स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, रोग्याच्या कपड्यांनीं वा पांघरुणांनीं ती क्वचितच जडते, निकट अंगस्पर्शानें जडते. सबंध अंगावर सरासरीनें दहा-बाराच माद्या असतात, हेंहि त्यांनीं मोजलें. प्रथमच लागण झालेल्यास खाज सुटावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून ज्यास खाज नाहीं त्यानेंहि, घरांतील सर्वांनीं एकाच रात्रीं, डॉक्टरांनीं दिलेलें मलम मानेपासून तळपायांपर्यंत लावावें व आठवड्यानें पुन्हां लावावें. तान्ह्या मुलांविषयीं मात्र आधीं विचारून घ्यावें. किडे मेल्यावरहि खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून मलम वायां गेलें असें मानून तें रोज चोपडणें चुकीचें.

पौष-माघांत घरांतील वडीलधाऱ्यांच्या नडग्या व पाठ खाजते, तिला लोक उष्णता म्हणतात. तो बहुतेक कोरडेपणाच असतो, आणि कढत पाण्यानें व साबणानें वाढतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि अंग टिपून तें ओलसर आहे तोंच लावलेलें तेल किंवा व्हॅसलीन, यांनीं पुष्कळांस आराम पडतो. दिवाळींतील अभ्यंग थंडीच्या तोंडावर येतें तें सोयीचेंच. मात्र उटण्यानें तेल निघून जातें, तेव्हां स्नानानंतर पुन्हां हात फिरवावा. सहा आठवडे झाले, अंगावर पुरळ कांहीं नाहीं आणि खाज मात्र सर्वांगास आहे, असें असेल तर तेलावर विसंबूं नये. यकृत, मूत्रपिंडें, कंठग्रंथि किंवा रक्तांतील लोहाची उणीव यांपैकीं एखादें कारण असूं शकतें, आणि तें रक्ततपासणीनेंच कळतें. डॉक्टरांकडे जातांना चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्याव्या, कारण कांहीं औषधांनींहि खाज सुटते.