ट्रॅक्टर व मोटारीच्या पत्र्यावरील लहान पोचे : घरच्या घरी दुरुस्ती

नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या दारी ट्रॅक्टर अथवा मोटार असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मांजरेच्या खोऱ्यात उसाची ट्रॉली अरुंद पाणंदीतून वळविताना बाभळीचा बुंधा मडगार्डला लागतो. सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत बाजार आवारातील दाटीत वाहनाला वाहन घासते. अशा वेळी पत्र्याला पोचा पडतो. काही शेतकरी त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात, तर काही लागलीच गॅरेज गाठून मोठा खर्च करतात. कोणता पोचा तातडीचा, कोणता घरी काढण्याजोगा आणि कोणता कारागिराकडेच न्यावयाचा, हे ओळखता आल्यास दोन्ही प्रकारचे नुकसान टळते.

खरा शत्रू गंज

रंग शाबूत असलेला पोचा दिसावयास वाईट असला तरी पत्र्यास अपाय करीत नाही. रंग उडून पत्रा उघडा पडला, की मात्र लोखंडाचा ओल व प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज चढू लागतो. आपल्याकडील काळी माती चिकण असल्याने मडगार्डच्या आतील बाजूस बसलेला चिखल दीर्घकाळ ओल धरून ठेवतो. अर्धापूर भागातील केळीच्या बागांसारख्या सतत ओलिताच्या शेतीत हा धोका अधिक असतो. रासायनिक खतांचा अंश त्या ओलीत विरघळल्यास गंजाचा वेग आणखी वाढतो. म्हणून रंग उडालेले सर्व पोचे मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, दुरुस्त करून घ्यावेत.

पोचा काढण्याची रीत

प्रथम भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. नंतर त्यास लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटल्यास पत्रा पोलादी आहे असे समजावे. मोटारीचे बंपर बहुधा प्लॅस्टिकचे असतात. त्यावरील पोच्यावर कढत पाणी ओतून आतून हाताने रेटा दिल्यास तो पुष्कळदा बाहेर येतो. मागाहून थंड पाणी ओतावे. हातांस भाजू नये म्हणून जाड हातमोजे घालावेत. पोलादी पत्र्यावर या उपायाचा उपयोग होत नाही.

पोलादी पत्र्यावरील उथळ व घडी न पडलेला पोचा रबरी चोषक पेला ओला करून लावल्यास व सरळ ओढल्यास निघू शकतो. तसे न झाल्यास आतील बाजूने काम करावे. तत्पूर्वी बॅटरीची ऋण टोकाची तार सोडावी व आत वायर, नळी अथवा रेडिएटर नाही याची खात्री करावी.

पोचा पडताना मधला भाग आत जातो आणि भोवतालची कड किंचित वर उचलली जाते. म्हणून कापड गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने खोलगट भागास आतून रेटा द्यावा व त्याच वेळी उचललेली कड लाकडी हातोड्याने बाहेरून हलकेच बसवावी. कडेकडून मध्याकडे, गोलाकार क्रमाने यावे. घाव थोडे व जोराचे नसावेत. पुष्कळ व हलके असावेत. पत्रा खाली लोखंड धरून जोराने ठोकल्यास तो थापलेल्या भाकरीप्रमाणे पातळ होऊन पसरतो. असा पसरलेला पत्रा बोटाने दाबताच टक्‌टक्‌ आतबाहेर होतो, व मग तो नीट करणे कारागिरासही अवघड जाते. यास्तव पृष्ठभाग एक-दोन मिलिमीटर खोल राहिला असतानाच थांबावे.

लांबी व रंग

गंज व सैल रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा. उरलेली खोली बॉडी फिलर या नावाने मिळणाऱ्या लांबीने भरावी. १०० ग्रॅम लांबीस सामान्यतः २ ग्रॅम हार्डनर लागतो. डब्यावरील सूचना मात्र प्रमाण मानावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांवर जात असल्याने मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होते. म्हणून सकाळच्या वेळी, सावलीत व थोडे-थोडेच कालवावे. थर ३ मिलिमीटरहून जाड देऊ नये. सुकल्यावर १८० व नंतर ३२० नंबरच्या कागदाने घासावे. घासताना नाकातोंडावर मास्क बांधावा.

लांबी स्वतः ओल शोषते. म्हणून ती उघडी ठेवू नये. त्याच दिवशी प्रायमर लावावा व तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. आतील बाजूस ठोकल्याने रंग निघाला असल्यास तेथेही प्रायमर व रंग लावण्यास विसरू नये. गंज पुष्कळदा याच न दिसणाऱ्या बाजूने सुरू होतो.

कारागिराकडेच न्यावे असे पोचे

डिझेलची टाकी रिकामी असली तरी तिच्यात वाफ असते. तिला उष्णता देणे अथवा वेल्डिंग करणे प्राणावर बेतू शकते. चाकाची रिम, ब्रेक, स्टिअरिंग, ट्रॅक्टरची सुरक्षा-चौकट व एअरबॅग असलेले भाग यांस घरी हात लावू नये. पत्र्यास चीर गेली असल्यास अथवा दार नीट बसत नसल्यास केवळ लांबी भरून दोष झाकू नये.

मोटारीचा विमा पूर्ण स्वरूपाचा असल्यास आणखी एक हिशेब करावा. एक वर्ष दावा न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के, व सलग पाच वर्षे न केल्यास ५० टक्के सूट मिळते. किरकोळ पोच्यासाठी दावा केल्यास ही सूट जाते.

सुगी संपल्यावर नांगर, वखर व पाभर यांची डागडुजी करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याच दिवसांत ट्रॅक्टर व मोटार धुऊन त्यांचा पत्रा चारही बाजूंनी, विशेषतः मडगार्डच्या आतून, एकवार तपासावा. मे महिन्यात दिलेला प्रायमरचा एक हात पावसाळ्यात अख्खा पत्रा वाचवितो.