पाच पट्ट्यांचा सार्जंट

उजनीची चिलापी जेऊरच्या बाजारात कोणाला माहीत नाही? पण चिलापीची मादी अंडी तोंडात धरून पिले बाहेर येईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. मालवणच्या समुद्रात एक मासा आहे, त्याच्याकडे उलटा कारभार. अंडी बाप राखतो.

ह्या माशाला सार्जंट म्हणतात. आपल्या हवालदाराच्या बाहीवर तीन फिती, ह्याच्या अंगावर पाच काळे उभे पट्टे. पाठ पिवळसर, पोट चंदेरी, मोठा झाला तरी वीतभरच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत व पोवळ्यांत तो थव्याने राहतो. वाचक बंधू-भगिनींनो, पोवळे म्हणजे दगड नव्हे. इवल्या जिवांनी बांधलेली ती चुन्याची वसाहत असते. (मंगळ शांत करायला अंगठीत घालतात ते पोवळेही अशाच जिवांचा सांगाडा! त्याचा मंगळाशी काय संबंध?)

विणीच्या काळात नर खडकाचा तुकडा तोंडाने घासून साफ करतो. त्याचा रंग निळसर होतो. मादी तिथे हजारो अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग चार-पाच दिवस हा पठ्ठ्या जागचा हलत नाही. परांनी वारा घालावा तसे अंड्यांवर पाणी खेळवतो, आपल्याहून मोठ्या माशांच्याही अंगावर धावून जातो. पिले बाहेर पडली की प्रवाहाबरोबर वाहून जातात. बापलेकांची पुन्हा ओळख नाही.

पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, तेच त्यांना पोसते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसेच काही आठवडे राहिले, की शेवाळ निघून जाते, पोवळी पांढरी पडतात व पुष्कळदा मरतात. मग लहान माशांना लपायला कपारी उरत नाहीत.

मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तिथल्या मच्छिमारांनी विरोध केला. आमची चूल समुद्रावर पेटते, बंदी आली तर खायचे काय, हा त्यांचा सवाल. तो झटकून टाकण्यासारखा नाही. उजनीच्या पाण्याखाली करमाळा तालुक्यातली गावे गेली, तेव्हा न विचारता झालेला निर्णय कसा लागतो हे आपल्या भागाने सोसले आहे. शिवाय पोवळी मोडतात ती पर्यटकांच्या होड्यांचे नांगर पडल्यानेही. त्याचा दोष जाळेवाल्यावर का?

सहलीला गेलात तर होडीवाल्या दादांना नांगर वाळूत टाकायला सांगा. काचेचा चष्मा लावून पाण्यात उतरल्यावर पोवळ्यांवर पाय देऊ नका. मासे जमावेत म्हणून तिथे पावाचे तुकडे टाकतात. पाव हे त्यांचे अन्न नव्हे. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो आणि गढूळ पाण्यात काही दिसत नाही.