जुन्या गाडीची टेललाइट धुरकट झालीय? आधी थिनरची बाटली बाजूला ठेवा!

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. घरची पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर जपणारे हौशी मात्र आजही आहेत. टेललाइटची मूळ लाल लेन्स गेली, तर त्यांना भंगार बाजार पालथा घालावा लागतो. आणि ही लेन्स अनेकदा धडकेने नव्हे, साफसफाईनेच जाते.

नेमकं बिघडतं काय?

गॅरेजमध्ये तिला सरसकट ‘काच’ म्हणतात. या गाड्यांचे गोल हेडलाइट खरंच काचेचे असतात, पण मागची लेन्स बहुतेकदा ॲक्रिलिकची. ॲक्रिलिक ऊन चांगलं सोसतं. थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट सोसत नाही. साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये ताण राहिलेला असतो. त्यावर थिनरचा बोळा फिरला, की काही मिनिटांतच केसासारख्या भेगांचं जाळं पसरू शकतं. भेगा आत खोल गेल्या, तर कुठलंच पॉलिश उपयोगी पडत नाही. सॅनिटायझरही नकोच, त्यात अल्कोहोल असतं.

मग उजळवायची कशी?

स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल करून लेन्स काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून ती भिजत ठेवा आणि मऊ ब्रशने धुवा. पुष्कळदा निम्मा धुरकटपणा आतल्या धुळीचाच असतो. आतल्या बारीक नक्षीला मात्र पॉलिश पेपर लावू नका. प्रकाश पसरवण्याचं काम तीच करते.

बाहेरचे ओरखडे वॉटर पेपरने जातात: १०००, १५००, २०००, शेवटी ३००० नंबर. पाणी भरपूर घ्या आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला. मग प्लास्टिक पॉलिश, तेही हातानेच. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मशीन एकाच जागी फिरत राहिलं तर पृष्ठभाग ओढला जातो.

हेडलाइटचं किट चालेल?

ते प्रामुख्याने पॉलिकार्बोनेटच्या हेडलाइटसाठी असतं. तो उन्हाने पिवळा पडतो, म्हणून घासल्यावर यूव्ही कोटिंग लागतं. टूथपेस्टची चमक काही आठवड्यांची.

लाल रंगच आतपर्यंत विटला असेल, तर घासून तो परत येत नाही. वरून लाल स्प्रे मारला तर दिवा मंद होतो. लेन्स बसवल्यावर अंधारात कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन बघा. मागच्या गाडीवाल्याला तेवढंच दिसणार आहे.