अग्र बैठक (अश्वारोहण)

अग्र बैठक ही घोड्यावरून अडथळा ओलांडताना स्वाराने घ्यावयाची, पुढे झुकलेली बैठक होय. या बैठकीत स्वार खोगिरावर भार टाकून बसत नाही. तो खोगिरावरून किंचित उचलला जाऊन आपला भार मांड्या, पोटऱ्या आणि रिकिबीतील पावले यांवर तोलतो. उडीच्या वेळी घोड्याला पाठ व मान मोकळेपणाने वापरता यावी, हा तिचा मुख्य हेतू आहे.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील घोडदळांत उडीच्या वेळी मागे रेलण्याची पद्धत रूढ होती. त्यामुळे घोड्याच्या पुढच्या पायांवरील भार हलका होतो आणि स्वार सुरक्षित राहतो, अशी समजूत होती. प्रत्यक्षात स्वाराचा भार घोड्याच्या कमरेवर येई, लगाम ताणला जाई व तोंडातील कडीचा हिसका बसे. इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनी घोड्याच्या स्वाभाविक हालचालींचा अभ्यास करून याच्या उलट विचार मांडला: घोड्याने स्वाराशी नव्हे, तर स्वाराने घोड्याच्या तोलाशी जुळवून घ्यावे. पिनेरोलो व तोर दि क्विंतो येथील घोडदळ शाळांत ही पद्धत शिकवली गेली. १९०२ मध्ये तोरिनो येथे काप्रिल्ली यांनी २.०८ मीटर उंचीची उडी पार केली. पुढे ही पद्धत जगभर स्वीकारली गेली.

उडीचे टप्पे

अडथळ्याजवळ आल्यावर घोडा मागचे पाय पोटाखाली घेतो, पुढचा भाग उचलतो आणि मागच्या पायांच्या रेट्याने झेपावतो. हवेत असताना तो मान पुढे व खाली ताणतो आणि त्याची पाठ कमानीसारखी वर येते. उतरताना प्रथम पुढचा एकच पाय जमिनीला टेकतो व क्षणभर सारा भार त्यावर येतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर स्वाराचा तोल गेला, तर त्याचा त्रास घोड्याच्या तोंडाला, पाठीला किंवा पायांना होतो.

बैठकीचे घटक

• रिकिबी: एरवीच्या रपेटीपेक्षा एक-दोन छिद्रे आखूड ठेवतात. त्यामुळे गुडघा व घोटा अधिक वाकून धक्का शोषून घेतात.
• पाय: पोटरी तंगाजवळ स्थिर आणि टाच खाली असावी. संपूर्ण बैठकीचा हाच पाया होय.
• धड: कमरेच्या सांध्यातून पुढे वाकावे, पाठीला पोक काढू नये.
• हात: घोडा मान ताणतो तसे हात तोंडाच्या दिशेने पुढे जावेत. नवशिक्याने आयाळ धरावी, म्हणजे तोल गेला तरी लगामाला हिसका बसत नाही.
• दृष्टी: अडथळ्याकडे खाली न पाहता त्याच्या पलीकडे असावी.

सामान्य चुका

उडीपूर्वीच पुढे झेपावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. घोडा पुढचा भाग उचलत असतानाच त्यावर भार पडतो आणि घोडा ऐनवेळी थांबल्यास स्वार मानेवरून पुढे फेकला जातो. याउलट मागे राहणारा स्वार खोगिरावर आदळतो व लगामाचा आधार घेतो. केवळ गुडघ्यांनी घट्ट धरल्यास पोटरी मागे सरकते आणि धड पुढे कलंडते. म्हणून हातांची चूक सुधारताना अनेकदा आधी पायांची स्थिती तपासावी लागते.

सराव

सुधारणेची सुरुवात अडथळ्याविना होते. दुडकी व संथ दौड यांत ही बैठक काही मिनिटे न डळमळता टिकवता आली पाहिजे. त्यानंतर जमिनीवर सुमारे १.३ मीटर अंतराने ठेवलेल्या दांड्यांवरून दुडकी चालवतात. घोड्याच्या पावलानुसार हे अंतर कमी-अधिक करतात. पुढे फुलीच्या आकारातील लहान अडथळे आणि मोजक्या अंतरावरील अडथळ्यांची रांग येते. रांगेत उडीची जागा बरीचशी ठरलेली असल्याने स्वाराला आपल्या तोलाकडे लक्ष देता येते. हा सराव शिरस्त्राण घालून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा.

बैठक स्थिर होण्याआधी अडथळ्याची उंची वाढवू नये. वारंवार हिसके बसलेला घोडा उडी नाकारू लागतो. त्याचा हट्ट वाटणाऱ्या वागण्यामागे पुष्कळदा स्वाराच्या चुकीने झालेल्या वेदनेची आठवण असते.